दारावरचा होझिया

होझिया थ्रेडगिल उभा राहिला की दाराला शोभा यायची. उंच, सडसडीत माणूस, अंगात काळा सूट, हातांत पांढरे हातमोजे, डाव्या हाताची मूठ वळून पाठीशी. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या आमच्या गिलियड ग्रोव्ह बॅप्टिस्ट चर्चमध्ये तो अशर होता, म्हणजे आल्या माणसाला वाट दाखवून जागेवर नेऊन बसवणारा. हे काम सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी उभं राहून बघावं. होझिया तोंडातून अक्षर काढत नसे. दोन बोटं उचलली की समोरच्या अशरने समजायचं, दोन जागा हव्यात. गाण्याच्या भरात कुणाला हुंदका फुटला की कागदी रुमाल हजर, कुणाचा घसा खवखवला की पेपरमिंटची गोळी हजर. आणि प्रार्थना सुरू झाली की दार बंद. मग बाहेर महापौर असो नाहीतर महापौरांची आई, ‘आमेन’ झाल्याशिवाय पाऊल आत पडायचं नाही. उशिरा आलेल्याला दाराच्या काचेतून फक्त एक बोट दिसायचं, पांढरं आणि ताठ. थांबा.

पोटापाण्यासाठी त्याने जन्मभर शहराची बस चालवली, आणि तिथे मात्र त्याचं सगळं उलटं. मागून कुणी धावत येताना आरशात दिसलं की हा बस थांबवून ठेवायचा. आतले लोक कुरकुरले तरी याच्या कपाळावर आठी नाही. त्याची बायको अर्लीन त्याला यावरून कायम टोचायची.

‘‘बाजाराला जाणाऱ्याला तू थांबतोस आणि देवाकडे येणाऱ्याला थांबवतोस. कमाल आहे बाई तुझी!’’

‘‘बस निघून जाते, अर्लीन,’’ होझिया म्हणायचा. ‘‘देव कुठे जातो?’’

यावर अर्लीनकडे उत्तर नसायचं, म्हणजे त्या क्षणी नसायचं. ती ते नंतरसाठी राखून ठेवायची. तिच्याकडे असा बराच साठा होता.

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी बेघरांसाठी जेवण असतं. एकेका शनिवारी एकेक कुटुंब. महिन्याचा चौथा शनिवार थ्रेडगिलांचा. अर्लीन आदल्या दिवसापासून चुलीशी. रश्श्यात मुरवलेलं तिचं चिकन खाऊन परक्या चर्चची माणसंही आमच्याकडे फेऱ्या मारायची. मुलगी रेनिटा पाल्याची भाजी आणि मॅकरोनी सांभाळायची, जावई कर्टिस खुर्च्या-टेबलं मांडायचा आणि दिसेल ते उचलायचा. होझिया निवृत्त झाल्यावर प्रश्न आला, याने काय करायचं? स्वयंपाकघरात त्याला अर्लीन उभं करेना. मग त्याने आपलं काम आपणच शोधलं. पुढच्याच चौथ्या शनिवारी तो काळा सूट आणि पांढरे मोजे घालून तळघराच्या दारात उभा.

‘‘डॅडी,’’ रेनिटाने कपाळावर हात मारला, ‘‘अहो, माणसं जेवायला येतायत. लग्न आहे का कुणाचं?’’

‘‘वर जी माणसं येतात त्यांना मी बसवतो की नाही? मग ही काय वेगळी आहेत?’’

तोवर आमच्याकडे रांग असायची. ताट घ्यायचं, पुढे सरकायचं, मिळेल तिथे टेकायचं. होझियाने रांग मोडली. दारात आलेल्या प्रत्येकापुढे तो कोपरात हात वाकवून उभा राहायचा, त्याला टेबलापर्यंत न्यायचा, खुर्ची ओढायचा, माणूस बसला की खुर्ची अलगद पुढे सरकवायचा. पहिल्या दिवशी काहीजण हसले. एकजण म्हणाला, ‘‘साहेब, मी चुकून कुठल्या हॉटेलात शिरलो की काय?’’ पण काही महिन्यांनी गंमत दिसायला लागली. दाराशी आल्यावर माणसं टोपी काढायची, शर्ट आत खोचायची, केसांवरून हात फिरवायची. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. रेनिटाने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही.

आता या सगळ्यात एक अडचण होती, आणि तिचं नाव रेव्हरंड पेटवे, आमचे पाद्री. माणूस सोन्यासारखा, पण प्रार्थनेला उभा राहिला की त्याला लगाम नाही. जेवणाआधीची प्रार्थना म्हणून सुरुवात व्हायची ती नगरसेवकांपासून. मग परदेशात असलेले सैनिक. मग इस्पितळातली मंडळी, प्रत्येकजण नावानिशी आणि दुखण्यानिशी. मग ज्यांचं दुखणं अजून डॉक्टरांना कळलेलं नाही ते. अर्लीनने एकदा सरळ सांगूनही पाहिलं, ‘‘रेव्हरंड, प्रभूला सगळं ठाऊक असतं म्हणता ना? मग त्याला थोडक्यात सांगितलं तरी कळेल की. माझा रस्सा गार होतो.’’ रेव्हरंड पोट धरून हसले, आणि त्या संध्याकाळी त्यांनी रश्श्यासाठीही प्रार्थना केली.

जानेवारीतला चौथा शनिवार. शहरालगतच्या मोठ्या तळ्यावरून असा वारा सुटला होता की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत गारठावं. हॉल भरला, सगळे उभे राहिले, रेव्हरंडनी हात वर केले. होझियाने सवयीने दार ओढून घेतलं आणि काचेकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात गल्लीतून एक बाई आली. तपकिरी कोट, डोक्यावर पुरुषी चौकड्याची टोपी, पुढ्यात दोन चाकांची ढकलगाडी, तिच्यावर दोरीने आवळलेलं बोचकं. ती दाराशी आली, मुठीला हात घातला, आणि तिला काचेतून बोट दिसलं.

ती थांबली. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. आत रेव्हरंड नगरसेवकांवरून सैनिकांवर आले, सैनिकांवरून इस्पितळात शिरले. पुढे ‘‘या थंडीत, प्रभो, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्यांच्यासाठी’’ असं म्हणून ते जे रंगात आले, की हॉलमधल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. होझियाने मान खाली घातली, डोळे मिटले आणि सगळ्यांच्या वर ऐकू जाईल असा ‘आमेन’ म्हटला.

त्याने दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.

बर्फात चाकांच्या दोन रेघा उमटल्या होत्या. त्या धरून तो तसाच, ओव्हरकोटाशिवाय, कोपऱ्यापर्यंत धावला. कोपऱ्यावर मोठा रस्ता होता आणि तिथला बर्फ गाड्यांनी तुडवून टाकला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या पापण्यांवर बर्फ होता. त्या रात्री त्याने उरलेल्यांना नीट बसवलं, खुर्च्या ओढल्या. घरी जाताना गाडीत त्याने अर्लीनला सांगितलं.

‘‘ती आत यायला आली होती, आणि मी तिला बोट दाखवलं.’’

अर्लीनचा राखीव साठा अशाच वेळेसाठी होता. देव कुठे जातो, असं विचारायची याहून चांगली संधी तिला मिळाली नसती. तिने त्यातलं काहीही बाहेर काढलं नाही. तिने फक्त हीटर वाढवला.

दुसऱ्या दिवशी होझियाने मोजे धुऊन, इस्त्री करून अशर मंडळाच्या प्रमुखांच्या हातात दिले. ‘‘त्या बाईला मी माझ्या हाताने खुर्चीवर बसवेपर्यंत मी दारावर उभा राहणार नाही.’’ प्रमुख म्हणाले, ब्रदर थ्रेडगिल, नियम तर तुम्ही बरोबरच पाळलात. रेव्हरंड म्हणाले, देवाने केव्हाच क्षमा केली असेल. होझियाने दोघांचं ऐकून घेतलं.

‘‘देवाने केली असेल. बाहेर थंडीत तो उभा नव्हता.’’

मग शोध सुरू झाला. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, हातात फक्त एक कोट, एक टोपी आणि एक ढकलगाडी. होझियाने जुन्या सोबत्यांना गाठलं. शहरातल्या निम्म्या बसवर त्याने शिकवलेली माणसं होती, ती थांब्याथांब्यावर नजर ठेवायला लागली. एकदा एकाने फोन केला, तपकिरी कोट दिसला म्हणून. होझिया जेवणावरून उठून धावला. कोटात एक म्हातारे गृहस्थ निघाले. त्यांना मग होझियाने घरी आणून जेवू घातलं, भेटलेच होते म्हणून. अर्लीन दर दोन दिवसांनी चिकनचा डबा भरून गाडीत ठेवायची, आणि तो डबा कुणाला ना कुणाला देऊन दोघं परत यायची. शनिवार कुणाचाही असो, होझिया तळघराबाहेर गल्लीत उभा. दुसऱ्या शनिवारवाल्या सिस्टर वॉशबर्नला ते खटकलं. ‘‘आमच्या जेवणावर पाळत ठेवायला पाठवलंय का हो तुमच्या अर्लीनने?’’ त्याने टोपी काढून माफी मागितली आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

अंगाने तो झडला. ऊठसूट खिडकीशी जायचा. थंडीने माणसं मेल्याची बातमी लागली की रेनिटा रेडिओ बंद करायची, आणि तो उठून पुन्हा लावायचा. नाव सांगतील या भीतीने ऐकायचा, आणि आपल्याला तिचं नावच ठाऊक नाही हे आठवून आणखी खचायचा.

‘‘डॅडी, गेली असेल कुठेतरी उबेला,’’ रेनिटा म्हणायची.

‘‘उबेलाच आली होती गं ती.’’

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलचा चौथा शनिवार उजाडला तो पावसात बर्फ मिसळून. थ्रेडगिलांचा शनिवार. दारावर आता कर्टिस असायचा. बिचाऱ्याला सूट आवळ होत होता, पण सासऱ्याने शिकवलेलं त्याने पाठ केलं होतं. होझियाकडे मक्याच्या पावाचं काम होतं. तो मोठा ट्रे घेऊन उभा असताना रेव्हरंडनी हात वर केले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, फक्त होझियाची नजर दारावर होती. जानेवारीपासून तो डोळे मिटून प्रार्थना करतच नव्हता.

काचेत चौकड्याची टोपी दिसली.

आणि कर्टिसने, सासऱ्याने शिकवलं होतं अगदी तसं, एक बोट वर केलं.

प्रार्थना चालू असताना होझिया थ्रेडगिल चालला. आमच्या चर्चमध्ये ही गोष्ट अजून लोक सांगतात. हातातला ट्रे खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. टेबलांच्या मधून, वाकलेल्या माथ्यांच्या मधून, बूट वाजवत तो सरळ दाराकडे निघाला. माणसांनी एकेक डोळा उघडला. अर्लीनने दोन्ही उघडले. त्याने कर्टिसला खांद्याने बाजूला सारलं आणि दार सताड उघडलं.

‘‘या, सिस्टर. आत या.’’

बाई जागची हलली नाही.

‘‘आत प्रार्थना चाललीय ना?’’ ती कुजबुजली.

‘‘हो, पण तुम्ही या.’’

‘‘आमेन होऊ दे की. प्रार्थनेत कोण चालतं?’’

आणि तिने उंबऱ्यावर मान खाली घातली, पाय जुळवले, आणि डाव्या हाताची मूठ वळून पाठीशी नेली. होझियाने ती मूठ बघितली आणि तो गार पडला. अशी मूठ वळणारा माणूस फक्त अशर मंडळातच तयार होतो.

दार उघडं ते उघडंच राहिलं. त्याला ते लावून घेववेना आणि तिला आत येववेना. वारा मोकाट आत शिरला. टेबलांवरचे कागदी रुमाल उडाले, कुणाची टोपी घरंगळली, रश्श्यावर साय धरली. रेव्हरंड नुकतेच सैनिकांपर्यंत पोचले होते. वारा त्यांच्या पायजम्यासारख्या रुंद पँटीत शिरला. त्यांनी एक डोळा उघडून दाराकडे पाहिलं, पाहतच राहिले, आणि म्हणाले, ‘‘आणि बाकीचं, प्रभो, तू जाणतोस. आमेन.’’

एवढा आखूड आमेन त्या तळघराने कधी ऐकला नव्हता. हॉलमध्ये असा हशा पिकला की रेव्हरंडनाही त्यात सामील व्हावं लागलं. त्या हशातच होझियाने ट्रे कर्टिसच्या हातात कोंबला, कोपरात हात वाकवला आणि बाईला टेबलापर्यंत नेलं. त्याने खुर्ची ओढली आणि ती बसल्यावर अलगद पुढे सरकवली.

‘‘मी होझिया थ्रेडगिल.’’

‘‘ड्रुसिला मॅब्री,’’ ती म्हणाली. ‘‘अशर. अलाबामात होते तोवर.’’

‘‘मला ओळखलंत?’’

‘‘ओळखलं ना.’’ तिने त्याच्या नाकासमोर एक बोट धरलं. ‘‘हे बोट विसरेन होय?’’

‘‘जानेवारीपासून शोधतोय मी तुम्हाला.’’

‘‘का? तुमचं काही घेऊन गेले मी?’’

‘‘माफी मागायची आहे.’’

‘‘आधी जेवू द्या. उपाशीपोटी मी कुणाला माफ करत नसते.’’

ती जेवली. सावकाश, चवीने, हाड न् हाड निपटून. एकदा संपल्यावर चिकन पुन्हा मागितलं. होझिया खुर्चीमागे उभा होता, निकालाची वाट बघत कोर्टात उभं राहावं तसा. मध्येच अर्लीन पदार्थ वाढायचं निमित्त काढून आली.

‘‘इतके दिवस कुठे होता हो तुम्ही? याने जेवण सोडलं होतं.’’

‘‘नदीपलीकडे, कॅथलिकांकडे. त्यांची प्रार्थना आखूड असते.’’ मिस ड्रुसिलाने पावाने रस्सा पुसून घेतला. ‘‘पण चिकनला मीठ नसतं. शेवटी म्हटलं, ते बोट सहन करू, पण हे चिकन नको.’’

‘‘आणि आता राहता कुठे?’’

‘‘आत्ता इथे बसलेय.’’

अर्लीनला कळलं. तिने आणखी एक तुकडा वाढला.

ताट स्वच्छ झाल्यावर मिस ड्रुसिलाने हात पुसले. ‘‘बसा,’’ ती होझियाला म्हणाली. तो बसला. त्या हॉलमध्ये तो पहिल्यांदाच बसत होता.

‘‘त्या संध्याकाळी मी तुम्हाला शिव्या घातल्या. या कोपऱ्यापासून पुलापर्यंत. एक दिलेली पुन्हा दिली नाही.’’

‘‘बरोबर केलंत.’’

‘‘देवालाही घातल्या. सकाळी ऊब आल्यावर त्याच्या परत घेतल्या. त्याच्याशी माझा रोजचा संबंध येतो.’’

‘‘आणि माझ्या?’’

‘‘तुमच्या तशाच आहेत.’’

होझिया सांगायला लागला. ‘‘नियम असा आहे की...’’

‘‘नियम मला सांगू नका. मी दारं धरलीत.’’ तिचा आवाज पहिल्यांदा चढला. आसपासच्या टेबलांवरच्या माना वळल्या. ‘‘पण आमच्याकडे दाराबाहेर राहायचा तो उशिरा आलेला माणूस. घरी आरसा बघत बसलेला. मी उशिरा नव्हते आले. मी लांबून आले होते.’’

होझियाला हुंदका फुटला. दुसऱ्यांच्या हुंदक्यांना आयुष्यभर रुमाल पुरवणारा माणूस, त्याच्या खिशात त्या दिवशी रुमाल नव्हता. तो तसाच, सगळ्यांसमोर, बाहीने डोळे पुसत बसला. मिस ड्रुसिलाने त्याला रडू दिलं. मध्ये पडली नाही, पाठीवर हात फिरवला नाही. आणि उठूनही गेली नाही.

‘‘झालं?’’ थोड्या वेळाने तिने विचारलं.

‘‘झालं.’’

‘‘मग गोड काय आहे ते सांगा. पीचचा वास येतोय.’’

होझिया धडपडत स्वयंपाकघरात गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. अर्लीनचं पीच कॉबलर, म्हणजे पिठाचा थर देऊन भाजलेलं पीचचं गोड, संपलं होतं. शेवटची वाटी रेव्हरंड पेटव्यांच्या हातात होती, आणि तीही चाटूनपुसून लख्ख. मिस ड्रुसिलाने एक लांब उसासा टाकला आणि कोटाची बटणं लावायला घेतली.

तिला बाहेरपर्यंत पोचवायला होझिया निघाला. कर्टिसने दार उघडून धरलं. गल्लीत पाऊस थांबला होता. रेनिटाने तिच्या ढकलगाडीवर मक्याच्या पावाची पुरचुंडी बांधून दिली होती. मिस ड्रुसिलाने ती चाचपून पाहिली आणि टोपी नीट केली.

‘‘निम्म्या परत घेतल्या,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘शिव्या, हो. थोड्या चिकनसाठी, थोड्या दारासाठी. निम्म्या.’’

‘‘आणि उरलेल्या?’’

‘‘त्या आत्ता नाही. कॉबलर खाल्ल्याशिवाय काय सांगू?’’ तिने गाडी वळवली. ‘‘चौथा शनिवार ना तुमचा? माझी वाटी बाजूला काढून ठेवा. त्या रेव्हरंडच्या हाती लागू देऊ नका.’’

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत होझिया दारात उभा होता. आवराआवर झाली, भांडी गाडीत चढली, रेनिटा आणि कर्टिस आपल्या वाटेने गेली. घरी जाताना अर्लीनला शेवटी राहवेना.

‘‘मग? दिली का माफी?’’

‘‘नाही. निम्म्या शिव्या अजून माझ्या नावावर आहेत.’’

हे सांगताना तो असा हसत होता की अर्लीनने त्याच्याकडे वळून पाहिलं. जानेवारीपासून तिने त्याचे दात बघितले नव्हते.

‘‘अरे, मग हसतोस काय वेड्यासारखा?’’

‘‘पुढच्या महिन्यात येणार आहे ती,’’ होझिया म्हणाला. ‘‘कॉबलर जास्त कर.’’